ताईसारखं वागा

हेपिसिपा माहेरी आली की घर ताठ बसायचं, हे जुनंच होतं. या खेपेला मात्र ती यायच्या आधीपासूनच ते ताठ बसलेलं होतं.

वावाऊ बेटावरून येणारी बोट शनिवारी सकाळी हापाई बेटाच्या धक्क्याला लागली. भाचा केपुएली आत्याला घ्यायला आला होता. त्याने गालाला गाल लावला, सामान उचललं आणि घरापर्यंत हूं की चूं केलं नाही. एरवी हा पोरगा आत्याच्या वजनावरून बोट तिरकी झाल्याचं सांगून तिच्या शिव्या खायचा. अंगणात त्याची तिन्ही मुलं ओळीने उभी होती, हात मागे बांधून.

"ही पोरं आहेत का मिठाचे खांब रे?" हेपिसिपाने हळूच विचारलं.

"आत चला, आत्या. बाबा वाट बघतायत."

आत तिच्यासाठी घरातली सगळ्यात बारीक विणीची चटई अंथरलेली होती. तिचा धाकटा भाऊ सायमोने दाराशी उभा होता, नजर जमिनीवर. कमरेला गुंडाळलेली सुतकाची चटई, जुनी, झिरमिळ्या निघालेली, गुडघ्याखाली लोंबणारी. त्याची बायको लावीनिया जाऊन दहा महिने झाले होते. उद्या रविवारच्या उपासनेनंतर सुतक उतरायचं होतं, आणि त्यासाठीच बहिणीला बोलावणं गेलं होतं.

"प्रवास नीट झाला ना, ताई?"

"देवाची कृपा."

"समुद्र?"

"शांत होता."

समुद्र मुळीच शांत नव्हता. हेपिसिपा रात्रभर एका बकरीशेजारी बसून ओकत होती, आणि शेवटी दोघी इतक्या सलगीच्या झाल्या की बकरीने तिच्या टोपीची कड खाल्ली. पण असल्या गोष्टी भावासमोर बोलायच्या नसतात. सायमोनेला मिसरूड फुटलं आणि तो काकाच्या घरी झोपायला गेला, त्या दिवसापासून या बहीणभावात प्रकृती, हवापाणी आणि प्रार्थना यापलीकडे चौथा विषय निघाला नव्हता. थट्टा तर नाहीच. भाऊ खोलीत आला की बहिणीने ओठ मिटायचे, बहीण आली की भावाने नजर खाली घालायची. सगळीच भावंडं हे पाळायची. या दोघांनी जरा जास्तच नेटाने पाळलं होतं.

"उद्या चटई उतरेल, ताई," सायमोने जमिनीला म्हणाला. "पण चटई उतरली म्हणून मी घर सैल सोडणार नाही."

हेपिसिपा "बरं" म्हणाली. भावाच्या घरात बहिणीचा शब्द शेवटचा असतो, आणि म्हणूनच तो वाटेल तेव्हा वापरायचा नसतो.

भाऊ गायनवर्गाच्या तालमीला गेल्याची खात्री पटली तेव्हा ती उठली आणि मागच्या स्वयंपाकाच्या झोपडीत शिरली. मानाच्या पाहुणीने तिथे पाय ठेवायचा नसतो, पण हेपिसिपाचं अर्धं आयुष्य याच झोपडीत गेलं होतं. इथे ती आणि लावीनिया धुराने डोळे चोळत बसायच्या. इथे भाऊ यायचा नाही.

आत केपुएलीची बायको उइनिसे नारळ खवत होती. उद्याच्या जेवणासाठी अळूची पानं धुऊन ठेवली होती, शेजारी खारवलेलं मांस. हेपिसिपाने ऐसपैस बसकण मारली आणि पानं मांडीवर ओढली.

"आत्याबाई, तुम्ही नका हो करू! बाबांनी बघितलं तर माझी चामडी लोळवतील."

"बाबा तिकडे लोकांचे सूर सुधारतायत. तू का नाही गेलीस तालमीला? या बेटावर तुझ्याइतका उंच आवाज कुणाचा आहे?"

उइनिसेने खवणीवर जोर काढला. "मला काढलंय."

"कुठून?"

"गायनवर्गातून. लेंटच्या उपासकाळाआधी एका रविवारी शेवटचं कडवं असं रंगलं, आत्याबाई, की मला ऊब आली. तुम्हाला माहितीय कशी येते ती. छातीतून चढली, हात वर गेला, आणि हसूच फुटलं. रडूही येत होतं. अख्खी मंडळी उभी राहिली. बाबांनी ताल धरायची छडी खाली ठेवली, गाणं थांबवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, देवाच्या घरात दात दाखवायचे नाहीत."

"सायमोने असं म्हणाला?"

"ते काहीच नाही. घरात आता जेवताना बोलायचं नाही. पोरांनी रविवारी समुद्राकडे बघत बसायचं नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत गाणं इतक्या खाली धरतात की मला आवाजच लागत नाही, नुसता घसा खाजतो. धाकटी परवा झोपेत हसली, तर मोठीने उठून तिचं तोंड दाबलं." उइनिसेने खवलेला नारळ बाजूला केला. "आम्ही चाललोय, आत्याबाई. यांनी राजधानीत, नुकुआलोफाच्या शाळेत बदली मागितली होती. मिळालीय. उद्या साक्षीच्या वेळी सांगणारेत. गुरुवारच्या बोटीने निघणार."

हेपिसिपाच्या हातातलं पान तसंच राहिलं. भावाला एकच मुलगा. तो गेला की त्या घरात एक म्हातारा आणि त्याची शिस्त, दोघंच उरणार.

"तू सायमोनेला समजवायचं ना, की पवित्र राहणं म्हणजे एरंडेल प्यालेलं तोंड करणं नव्हे."

उइनिसेने पहिल्यांदा मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग होता. "काय समजवू? तोंड उघडलं की बाबा तुमचं नाव घेतात."

"माझं?"

"ताईकडे बघा म्हणतात. ताईसारखं वागा. सत्तरी गाठली, पण देवाच्या घरात काय, स्वतःच्या घरातसुद्धा कधी फिदीफिदी हसली नाही. एक वावगा शब्द नाही. माझ्या ताईइतकी पवित्र बाई मी पाहिली नाही, तिच्यासारखं जगलात तर स्वर्ग दूर नाही. रोज संध्याकाळी, आत्याबाई. पोरं तुम्हाला घाबरून ओळीत उभी राहिली, ती उगीच नाही."

हेपिसिपा आधी हसायलाच लागली. ती, फिदीफिदी न हसणारी! वावाऊत तिला दोनदा मयताच्या जागी तोंडावर हात दाबून बाहेर जावं लागलं होतं. मग हसू तिच्या घशातच थांबलं. सायमोने खोटं बोलत नव्हता. त्याने खरंच तिला कधी हसताना पाहिलं नव्हतं. मिसरूड फुटल्यापासून एकदाही नाही. त्याच्या मानासाठी तिने ओठ मिटले, आणि त्याने त्या मिटलेल्या ओठांनाच धर्म समजून घरादाराच्या तोंडाला कुलूप घातलं.

तेवढ्यात केपुएली सरपण घेऊन आत आला आणि दोघींची तोंडं बघून म्हणाला, "सांगितलंस वाटतं."

"तू जाऊ नकोस," हेपिसिपा म्हणाली.

"मग तुम्ही हुकूम करा. तुमच्या हातात आहे, आत्या. तुम्ही सांगितलंत की बाबांना मोडता येणार नाही. म्हणा, घरात हसू दे, उइनिसेला परत घे. एका वाक्याचं काम आहे."

"आणि तो ऐकेल. उद्यापासून रोज संध्याकाळी पोरांना ओळीत उभं करून सांगेल, हसा, ताईची आज्ञा आहे." तिने मांडीवरची पानं सारखी केली. "हुकमाने दात दिसतील रे, बाबा. हसू नाही यायचं."

"मग काय करणार तुम्ही?"

"ते मलाही माहीत नाही. पण देवाने मला काही या घराचा बागुलबुवा व्हायला जन्माला घातलेलं नाही. आण तो नारळ इकडे."

रविवारी उपासना झाली, थडग्यावर तेल लावलेले काळे खडे पसरले गेले, आणि सायमोनेने घरी येऊन सुतकाची चटई सोडली. ती सोडल्यावर तो एकदम बारीक दिसू लागला. जमिनीतल्या भट्टीतून कोनफळं आणि नीरफणस निघाले, अळूच्या पुड्या उघडल्या, नारळाच्या दुधाचा वास घरभर सुटला. एवढं जेवण, आणि खोलीत फक्त चावण्याचे आवाज.

जेवणं उरकल्यावर साक्षीची वेळ आली. या कुटुंबाची ही पद्धत आजोबांच्या वेळेपासूनची. प्रत्येकाने उठायचं, देवाने वर्षभरात आपल्याशी काय केलं ते सांगायचं, आणि दुसऱ्याची साक्ष चालू असताना कुणीही मधे बोलायचं नाही. घरमालक आधी, मानाची पाहुणी त्यानंतर, मग मुलगा.

सायमोनेने गाणं धरलं, अगदी तळातून. उइनिसेचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. केपुएली तर मिटून बसला होता. मग सायमोने उभा राहिला.

"मी पहिलं प्रवचन केलं तो रविवार तुम्हाला ठाऊक आहे," तो म्हणाला. दरवर्षी तो याच रविवारापासून सुरुवात करायचा. "मी तरणा होतो, घाबरलेला होतो. पश्चात्तापावर बोलत होतो. मी मान वळवली तर गायनवर्गात माझी लावीनिया ढसाढसा रडत होती. रुमाल तोंडात कोंबला होता तिने. खांदे हलत होते. पवित्र आत्म्याने तिला स्पर्श केला होता, माझ्यासारख्याच्या तोंडून. त्या दिवशी मी ठरवलं, हेच काम करायचं."

पुढचं मात्र दरवर्षीचं नव्हतं.

"ती आता तिथे आहे. मला तिथे पोचायचंय. आणि या घरातल्या एकालाही मागे सोडून जायचं नाही. तिने विचारलं, आपली पोरं कुठे आहेत, तर काय सांगू? म्हणून मी कडक आहे. तुम्हाला मी नकोसा झालोय, कळतं मला. पण माझ्या ताईकडे बघा. अशी माणसं पोचतात."

तो खाली बसला. केपुएलीने हाताची मूठ आवळली. उइनिसे डोळे पुसत होती. आणि हेपिसिपाच्या अंगाला घाम फुटला होता.

कारण लावीनिया त्या दिवशी रडत नव्हती.

हे जगात दोघींनाच माहीत होतं, आणि त्यांतली एक सकाळीच तेल लावलेल्या खड्यांखाली होती. हेपिसिपाने रात्री अंथरुणावर ठरवलं होतं की आपण आपल्याबद्दलच बोलायचं, बकरीची गंमत सांगायची, भाऊ थोडा दचकेल, बास. पण आता ते पुरणार नव्हतं. खरं सांगितलं तर भावाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा रविवार तिच्या हातून मोडत होता. गप्प बसली तर गुरुवारची बोट होतीच. शिवाय साक्षीला उभं राहून खोटं कसं बोलायचं? तिने मनात एवढंच म्हटलं, प्रभू, हा माणूस तुझा आहे, तो मोडला तर तूच जोड. आणि ती उठली.

"माझी साक्ष अशी, की मी हसरी बाई आहे," हेपिसिपा म्हणाली.

खोलीतली मुलं एकमेकांकडे बघू लागली.

"लहानपणापासून. देवाने मला नवरा दिला आणि नेला, दोन मुलं दिली, एक नेलं. मी रडले. पण दर सकाळी उठले की मला आनंद वाटतो, आणि तो मी कुणाची परवानगी काढून मिळवलेला नाही. ज्याने माझी पापं धुतली त्याच्यासमोर तोंड पाडून बसायला माझं काही बुडालेलं नाही. मी घरात हसते, देवळात हसते. फक्त एका माणसासमोर हसत नाही, कारण तो माझा भाऊ आहे आणि त्याचा मान मोठा आहे. त्याला तेवढीच मी दिसले. त्याने ती तुम्हाला दाखवली. ती अर्धीच आहे."

सायमोनेची नजर जमिनीवरच होती, पण मान ताठ झाली होती. बहीण भावासमोर असलं काही बोलू लागली तर भावाने उठून निघून जायचं, ही रीत. सगळे त्याच्या गुडघ्यांकडे बघत होते.

"आणि लावीनिया माझ्यापेक्षा वाईट होती," हेपिसिपा म्हणाली. "त्या पहिल्या रविवारी मी तिच्या शेजारी बसले होते. व्यासपीठाला पुढून फळी आहे, मंडळीला काही दिसत नाही. पण गायनवर्ग बाजूला बसतो. सायमोने पश्चात्तापावर बोलत होता, आणि मागच्या दाराने पाळकांच्या डुकरिणीचं पिल्लू आत आलं. ते सायमोनेच्या पायाशी गेलं, वास घेतला, आणि त्याच्या उजव्या पावलावर आडवं होऊन झोपलं."

धाकटीच्या तोंडून बारीक आवाज निघाला. मोठीने तिचं तोंड दाबायला हात उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"तो नरकाबद्दल बोलायला लागला तसं ते घोरायला लागलं. लावीनियाने रुमाल तोंडात कोंबला. ती रडत नव्हती रे, सायमोने. मला क्षमा कर. ती हसून हसून मरायला टेकली होती."

सायमोनेचा चेहरा पांढरा पडला होता. हेपिसिपाला वाटलं, मोडलं. तरी उरलेलं तिने सांगितलं, कारण उरलेलंच तर महत्त्वाचं होतं.

"संध्याकाळी तू तिला म्हणालास, आत्म्याने तुला स्पर्श केला. ती झोपडीत माझ्याकडे आली. मी म्हटलं, सांगून टाक त्याला. ती म्हणाली, नाही सांगणार, आणि स्पर्श केला हे काही खोटं नाही. म्हणाली, एवढं लांब प्रवचन केलं, पण एकदाही पाय हलवला नाही त्याने. पिल्लाची झोप मोडू नये म्हणून. हेपिसिपा, असला माणूस मला देवाने दिलाय. आणि मग ती खरंच रडली. मी पाहिलंय. एवढीच माझी साक्ष."

ती खाली बसली. साक्षीनंतर म्हणायचं 'आमेन' कुणालाच सुचलं नाही.

सायमोने उठला. केपुएलीही अर्धवट उठला, बापाला धरायला. पण सायमोने दाराकडे वळला नाही. तो उभ्याउभ्या आपल्या उजव्या पावलाकडे बघत राहिला.

"तुम्ही दोघींनी बघितलं होतं ते?" तो म्हणाला.

"हो रे."

"मला वाटलं, कुणालाच माहीत नाही." त्याने घसा खाकरला. "मी आजवर कुणाला बोललो नाही, ताई. लाज वाटायची."

"कसली लाज? दयेची?"

"दया कसली!" सायमोने म्हणाला, आणि त्याच्या तोंडाच्या कडा विचित्र हलू लागल्या. "पाय बधिर झाला होता माझा. पहिल्या मुद्द्यापासून मी तो ओढायचा प्रयत्न करत होतो. हलेच ना! दुसऱ्या मुद्द्याला वाटलं, आता पडणार. म्हणून तर प्रवचन लांबलं!"

आधी हेपिसिपाच फुटली. पन्नासहून जास्त वर्षं भावासमोर दाबून ठेवलेलं हसू एकदम बाहेर आलं, मोठ्ठं, बेढब, धाप लागेपर्यंत. तिने तोंडाला हात लावला नाही. उइनिसे चटईवर कलंडली. पोरं किंचाळू लागली, घोरून दाखवू लागली. आणि सायमोने भिंतीला टेकून हसत होता, हसता हसता त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि त्या कसल्या हे कुणी विचारलं नाही. "दया समजली ती," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "जन्मभर मला दयाळू समजत राहिली."

"मग तसा हो की," हेपिसिपा म्हणाली. "अजून वेळ गेलेली नाही."

तो शांत झाला. त्याने चेहरा पुसला, सुनेकडे वळला. तिच्याशी बोलताना त्याचा आवाज अजून नीट लागत नव्हता.

"उइनिसे, शेवटचं गाणं तू धर."

"मी, बाबा?"

"माझ्यामुळे तुझा घसा बसलाय. वरून धर. लावीनिया धरायची तिथून."

उइनिसेने एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. मग ती अशी वर गेली की बाहेरची कोंबडी दारातून पळाली. मुलं तिच्यामागे गेली, सायमोनेने आपला खालचा सूर धरला, आणि मधल्या सुराची, केपुएलीची जागा दुसऱ्या ओळीपर्यंत रिकामीच होती. तिसऱ्या ओळीला केपुएली आत आला. महिनोन् महिने न वापरलेला त्याचा आवाज आधी खरखरला, मग उघडला. कडवं संपलं तर कुणी थांबायला तयार नव्हतं, म्हणून तेच पुन्हा घेतलं.

आमेन झाल्यावर सगळे केपुएलीकडे बघू लागले. साक्ष त्याची राहिली होती.

"माझी पुढच्या आठवड्यात," केपुएली म्हणाला. "आज बोलण्यासारखं काही उरलेलं नाही." आणि तो भांडी आवरायच्या निमित्ताने उठू लागला. उइनिसेने मान खाली घातली. तिला हो कळलं नाही, नाहीही कळलं नाही.

सायमोने मात्र बसला होता. त्याने आपली चटई ओढली आणि बहिणीच्या समोर आणली, इतकी जवळ की हेपिसिपा क्षणभर मागे सरली. मग त्याने नजर वर केली आणि तिच्या तोंडाकडे सरळ बघितलं. सत्तरीच्या बाईला पहिल्यांदाच कळलं की आपल्या भावाचे डोळे आईवर गेलेत.

"ताई," तो म्हणाला, "ती आणखी कशाकशाला हसायची, सांग ना."

अर्धवट उठलेला केपुएली परत खाली बसला. "सांगा, आत्या," तो म्हणाला. "घाई नाही. गुरुवारी मी कुठे जाणार नाही."